खिडकीसमोरचा विलो आणि माझा अर्ज

ज्या वर्षी आमच्या धाकटीचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी मी घरापुढच्या बागेत विलोचं झाड लावलं. लग्न मोडलं ते झाड लावल्यानंतर चौथ्या दिवशी. त्यामुळे ते झाडामुळेच मोडलं असं गल्लीत ठरलं. महिन्याभराने ते परत जुळलं तेव्हा मात्र झाडाचं नाव कोणी घेतलं नाही. या झाडाच्या वाट्याला फक्त आरोप येणार आणि माझ्या वाट्याला त्यांचे खुलासे, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

झाड मागितलं बायकोने. आमच्या संसारात तिने मागितलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि त्यातल्या मी पुऱ्या केलेल्यांची लहान. अंगभर दिसेल असा आरसा, ओट्याखाली दारं असलेलं कपाट, एकदा समुद्र बघणं, मी मोठ्याने नाक शिंकरणं बंद करणं, या सगळ्यांना मी "बघू" म्हणत आलो होतो. त्या वर्षी ती बहिणीच्या ऑपरेशननंतर तिच्या सोबतीला आठ दिवस एका आरामगृहात राहून आली, आणि तिथल्या बागेतल्या एका झाडाबद्दल बोलायला लागली. न्हाऊन आलेल्या बाईने केस पुढे सोडून वाळवत बसावं तसं ते झाड, असं तिने सांगितलं. ऑपरेशनबद्दल ती दोन वाक्यं बोलली आणि झाडाबद्दल आठवडाभर. आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या घराच्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसतो, त्याऐवजी तसं झाड दिसावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. आरसा, कपाट आणि समुद्र यांच्यापुढे झाड म्हणजे काहीच नाही, असा मी विचार केला आणि "आणू" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा "बघू"च्या जागी "आणू" निघालं, ते असं अंगाशी आलं.

रोपवाटिकेतला माणूस भला होता. रोप हातात देताना त्याने तीनदा बजावलं, की याला पाण्याच्या पाइपापासून लांब लावा, निदान पंचवीस हात, याची मुळं पाणी हुंगत जातात. मी हसलो. आता हसायचं कारण सांगायला हवं. मी पाणीखात्यात नोकरी केली, तेहतीस वर्षं. आधी जोडारी, मग व्हॉल्व्हमन. आमच्या गल्लीतली मोठी लाइन मीच टाकलेली, गल्लीत एकही घर नव्हतं तेव्हा. पुढे तिथेच घर बांधलं, आणि आमचं कुंपण असं पडलं की लाइन बागेच्या आतून, खिडकीपासून पाच हातांवरून जाते. बिडाचे पाइप, शिशाचे जोड. ताग ठोकून बसवायचा, मातीचं कडं करायचं, वितळलेलं शिसं ओतायचं आणि गार झालं की छिन्नीने घट्ट करायचं. मी त्या भल्या माणसाला सांगितलं की त्या लाइनीचे जोड माझ्या हातचे आहेत, त्यात मुळाला काय, डासाच्या सोंडेला शिरायला जागा नाही. तो म्हणाला, झाडाला हे माहीत नसतं. हे वाक्य मी तेव्हा विनोद म्हणून घेतलं.

बागच मुळात आठ हातांची, पंचवीस हात आणायचे कुठून? झाड लाइनीच्या डोक्यावरच लावलं.

लावताना गल्लीतले लोक मदतीला आले. मदत म्हणजे खड्डा मी खणला आणि ते बोलले. समोर राहतात ते कॅशियर. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कॅशियरच म्हणते, आणि ते मला "पाणीवाले" म्हणतात. त्यांनी कुंपणावर कोपर टेकून विचारलं, की घरात मुलीचं कार्य असताना दारात हे रडकं झाड कशाला? विलो या नावापेक्षा हे नाव लोकांना सोपं गेलं. दोन दिवसांत झाडाचं नाव रडूबाई झालं, आणि लग्न मोडल्यावर तर ते पक्कंच झालं. गल्लीच्या शेवटच्या घरात शिंपीणबाई राहतात. धाकटीचे लग्नाचे कपडे त्यांच्याकडेच शिवायला होते. लग्न मोडलं तेव्हा त्या ब्लाउज अर्धा उसवून बसल्या होत्या, आणि जुळल्यावर तो परत शिवताना त्यांनी रडूबाईला जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

पहिल्या दोन वर्षांतली संकटं किरकोळ होती. मी झाडाला आधार म्हणून जुन्या पलंगाचा पाय पुरला. तो वाकला आणि झाड कॅशियरच्या घराकडे तोंड करून वाढायला लागलं. कॅशियर म्हणाले, हे आमच्या घरात डोकावतं. मग दोर बांधून झाड ओढून घेतलं, त्या दोरात पोस्टमन अडकून पडला. त्याने पत्रं गोळा केली आणि आमचं पत्र कुंपणाबाहेर चिखलात ठेवून गेला. पुढे महिनाभर तो आमची पत्रं तिथेच ठेवत होता. पानं गळायची ती कॅशियरच्या पाण्याच्या टाकीत. ते रोज मूठभर पानं आणून आमच्या पायरीवर ठेवायचे, मोजून ठेवल्यासारखी. दुसऱ्या वर्षी फांद्या जमिनीला लागून केर गोळा करायला लागल्या म्हणून मी कात्री घेऊन त्या सरळ रेषेत कापल्या. बायको बाजारातून आली, झाडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "शाळेतल्या मुलीचे केस उवा झाल्यावर कापतात तसे कापलेत." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. झाडाशी बोलत होती.

पण झाड वाढत होतं. इतकं की तिसऱ्या वर्षी त्याने खिडकी झाकली, आणि ओलीचा डाग कायमचा आड गेला. दुपारी ती खिडकीशी मटार सोलत बसायची, तेव्हा फांद्यांची सावली तिच्या मांडीवरच्या ताटात हलायची. हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही.

त्याच सुमारास झाडं मोजायला एक मुलगी आली. सरकारी मोजणी होती, तिच्या गळ्यात ओळखपत्र आणि हातात पाट्यांचा गठ्ठा. तिच्या यादीत एकशे बेचाळीस झाडांची नावं होती, त्यांत विलो नव्हता. मी तिला विलो म्हणजे काय हे समजावलं, बायकोने केस वाळवणारी बाई करून दाखवली. मुलीला हसू आलं पण तिचा इलाज नव्हता. ती म्हणाली, "काका, मी 'इतर'मध्ये टाकते. सही करा." मला सही करायला सांगितली की मी चष्मा न लावताही करतो. याचं कारण असं, की मी लिहा-वाचायला एक्कावन्नाव्या वर्षी शिकलो, पंपाच्या खोलीत खात्याने चालवलेल्या वर्गात. त्याआधी पगारपत्रकावर अंगठा, आणि घरी आलेला प्रत्येक कागद बायको वाचून दाखवणार, पंचवीस वर्षं. तेव्हापासून कोणी कागद पुढे केला की माझा हात आधी पुढे जातो आणि डोकं मागून येतं. मी "इतर"च्या खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वळणदार लिहिलं. झाडाला पत्र्याची पाटी लागली. मी बायकोला म्हणालो, आता ही सरकारदरबारी नोंदलेली बाई झाली, हिच्या केसाला कोणी धक्का लावणार नाही.

त्या उन्हाळ्यात गल्लीत पाणी कमी यायला लागलं. आमच्याकडे ठीक होतं, पण आमच्या पुढच्या घरांना धार बारीक झाली, आणि शेवटच्या घरात, शिंपीणबाईंकडे, नुसती हवा यायची आणि मग चहाच्या रंगाचं दोन बादल्या पाणी. सगळ्यांच्या बागा वाळल्या. शिंपीणबाईंची तुळससुद्धा गेली. रडूबाई मात्र हिरवीगार, आणि तिला पाणी घालताना मला कोणी बघितलं नव्हतं, कारण मी घालतच नव्हतो. माझ्या मते हा माझ्या निर्दोषपणाचा पुरावा होता. गल्लीच्या मते उलट. पाणी घातल्याशिवाय झाड हिरवं राहतं, म्हणजे पाणी कुठूनतरी वळवलेलं आहे, आणि गल्लीत पाणी वळवायची विद्या एकालाच येते.

कॅशियर मला तोंडावर काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाणीवाले, नोकरी सुटते, सवय सुटत नाही." व्हॉल्व्हची किल्ली मी निवृत्तीच्या दिवशी खात्याला परत केली होती आणि तिची पावती माझ्याजवळ होती. ती पावती घेऊन मी घरोघर गेलो. आठ घरांत दाखवली. सात घरांनी वाचली नाही. कॅशियरनी वाचली, उजेडात धरली, पाठीमागे बघितली आणि म्हणाले, किल्लीची दुसरी किल्ली होत नाही असं यात कुठे लिहिलेलं नाही. शेवटी शिंपीणबाई आमच्याकडे आल्या, आणि माझ्यासमोर माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, भाऊंना सांगा ना, थोडं खालीही सोडत जा." मागण्याचा सूर इतका साधा होता, की चोर म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तेहतीस वर्षं मी शहराचं पाणी उघडलं आणि बंद केलं. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नातही एक टँकर जास्त सोडला नाही, त्यावरून तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. आणि एका झाडावरून माझी ही किंमत झाली.

बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, त्यांच्याकडे पाणी येत नाही ना, मग सकाळी आपल्या नळाचं चार बादल्या पाणी त्यांना नेऊन द्या, त्यांचंही काम होईल आणि तोंडंही बंद होतील. मी म्हणालो, बादल्या नेऊन दिल्या म्हणजे मी चोरी कबूल केल्यासारखं होईल. मी अर्ज करणार. खात्याने येऊन लाइन उघडावी आणि सगळ्यांसमोर दूध का दूध करावं.

"लिहिता येतं म्हणून लिहायलाच पाहिजे असं नाही," ती म्हणाली.

मी अर्ज लिहिला. त्याला तीन दिवस लागले. पहिला मसुदा रागाचा होता, दुसऱ्यात आत्मचरित्र फार झालं, तिसरा जमला. त्यातलं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे: "तरी खात्याने सदर लाइन संपूर्ण उघडून तपासावी, दोष कोठे व कोणाचा आहे ते निश्चित करावे, आणि जे आढळेल त्यावर विनाविलंब कारवाई करावी." विनाविलंब हा शब्द मी वर्गात शिकलो होतो आणि तो वापरायची संधी तोवर मिळाली नव्हती. आवक खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, असं अक्षर हल्ली बघायला मिळत नाही. त्या आनंदात मी घरी चालत आलो.

खात्याने काहीच केलं नाही. ज्या खात्यात तेहतीस वर्षं काढली त्याची चाल मला माहीत होती, तरी मला वाईट वाटलं. मी स्मरणपत्र लिहिलं. मग दुसरं स्मरणपत्र, त्यात पहिल्या स्मरणपत्राचा उल्लेख. मग तिसरं, त्यात दोन्हींचा. चारही कागदांच्या प्रती मी एका फाइलीत लावल्या आणि कोणी आलं की फाइल दाखवायला लागलो. लोक कमी यायला लागले.

ऑक्टोबरात बायको आजारी पडली. आजाराचं नाव डॉक्टरांनी दारं लावून सांगितलं, तेव्हाच ते कोणतं असणार हे समजलं. धाकटी चार महिन्यांचं मूल घेऊन येऊन राहिली. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. औषधांनी बायकोचे केस गेले, सगळे, तीन आठवड्यांत. धाकटी मोरीत जाऊन रडली. बायकोने खिडकीतून बाहेर बोट केलं आणि म्हणाली, "माझे गेले, पण घरात एकीचे तरी आहेत." मग थंडीत झाडाचीही पानं गळली, आणि दोघी तशाच एकमेकींसमोर राहिल्या. ती म्हणाली, "हिचे परत येतात. बघू दोघींत कोणाचे आधी येतात ते." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की पालवीपर्यंत वगैरे बोलू नका, आजचा दिवस बघा. पण ती पालवीचंच बोलायची. रोज सकाळी विचारायची, डोळे फुटले का? फांदीवरच्या कोंबांना ती डोळे म्हणायची. मी बाहेर जाऊन बघून यायचो आणि "अजून नाही" म्हणायचो. मला दुसरं काम नव्हतं. पाणी, अर्ज, कॅशियर, सगळं मी विसरलो होतो.

खातं विसरलं नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बायकोला "आज डोळे फुटलेत, तांदळाएवढे" असं सांगून मी आत येतो न येतो, तोच बाहेर गाडी थांबली. पाच माणसं, पहारी, फावडी, आणि एक तरुण ज्युनियर इंजिनियर. त्याच्या हातात माझा अर्ज. तीन स्मरणपत्रं टाचणीने जोडलेली. तो म्हणाला, "काका, तुमचं काम आलंय. साहेबांनी तुमचा अर्ज मीटिंगमध्ये वाचून दाखवला. नागरिकाने कसं लिहावं ते यावरून शिका म्हणाले." मी त्याला म्हणालो, सध्या घरात आजारपण आहे, नंतर बघू. तो म्हणाला, विनाविलंब लिहिलंय.

गल्ली जमली. कॅशियर खुर्ची घेऊन आले. शिंपीणबाई टेप गळ्यात घालून तशाच आल्या. यंत्र घेऊन एक माणूस जमिनीला कान लावत आमच्या बागेत आला आणि झाडापासून दोन हातांवर थांबला. तिथे खणलं. चार फुटांवर ओली माती लागली, पाचावर चिखल, आणि चिखलात मुळं. आधी सुतळीएवढी, मग मनगटाएवढी, आणि त्याखाली पाइपाच्या जोडाभोवती लाल केसांचं एक भलंमोठं बुचकं, डोक्यावरून काढलेल्या टोपासारखं. माणसाने कोयत्याने ते कापलं आणि जोडातून पाण्याची पातळ चादर बाहेर आली. रडूबाई तीन वर्षं तिथे तोंड लावून बसली होती.

आता एक गोष्ट मला सांगायला हवी, जी मी इथवर टाळत आलो. आमच्या वेळी प्रत्येक जोडारी आपल्या जोडावर खूण करायचा. ज्यांना अक्षर येत होतं ते नावाचं पहिलं अक्षर ठोकायचे. मला येत नव्हतं म्हणून मी छिन्नीने दोन आडव्या खाचा मारायचो. पाणी उपसून जोड पुसला तेव्हा शिशावर त्या दोन खाचा होत्या, आणि जोडाच्या बरोबर मध्ये एक बारीक काळी रेघ. ती रेघ काय आहे हे त्या खड्ड्याभोवतीच्या माणसांत मला एकट्यालाच माहीत होतं. शिसं एका दमात ओतायचं असतं. अर्ध्यावर थांबलं आणि खालचं गार झाल्यावर वरचं ओतलं, की दोन्ही एकमेकांना धरत नाहीत, मध्ये शीर राहते. गल्लीची लाइन दोन्ही टोकांकडून टाकत आणली होती आणि मधला शेवटचा जोड मी ओतत होतो. पळी अर्धी रिकामी झाली आणि माझा साथीदार ओरडत आला, की तुझ्या बायकोला दवाखान्यात नेलं, दिवस भरायच्या आधीच. मी पळी तशीच टाकून पळालो. धाकटी झाली. दोघी बऱ्या आहेत हे बघून मी परत आलो आणि वरचं अर्धं ओतलं. फोडून नव्याने करायला हवा होता. अंधारायला आलं होतं, वर माती टाकली. सत्तावीस वर्षं तो जोड गप्प राहिला. पुढे त्याच्या डोक्यावर मी स्वतःच्या हाताने झाड लावलं, आणि तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. तीन स्मरणपत्रांत मी विचारलं होतं, दोष कोणाचा. तो सही करून चिखलात पडला होता.

मी ज्युनियरला सांगितलं, ही खूण माझी आहे. सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्याने. कॅशियरच्या दिशेने बघून सांगितलं. मला वाटलं, काहीतरी होईल. ज्युनियर म्हणाला, "काका, जुन्या जोडांचं काही नसतं हो. बाजूला व्हा, पाय घसरेल." त्याने वहीत लिहिलं: कारण, झाडाची मुळं. कॅशियर म्हणाले, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. खुर्ची उचलून ते जेवायला गेले.

झाड काढावं लागणार होतं. मुळं पाइपाला धरून दहा हात गेली होती, नवा पाइप टाकायचा तर बुंधा मध्ये येत होता. मी ज्युनियरला विनवलं, की दोन महिने थांबा, फक्त पालवी येऊ द्या. तो वाईट मुलगा नव्हता. तो म्हणाला, अर्जदारानेच अर्ज मागे घेतला तर थांबता येईल. मी धोतराला चिखल लागलेला तसाच खात्यात गेलो आणि खिडकीपाशी उभ्याउभ्या अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला. कारकून तोच. त्याने वाचलं आणि मान हलवली. आधीच्या अर्जावर कारवाई चालू आहे, ती पूर्ण होऊन तो निकाली निघाल्याशिवाय त्याच माणसाचा त्याच विषयावर दुसरा अर्ज दाखल होत नाही. मी म्हणालो, पूर्ण झाल्यावर मागे घेऊन काय करू? तो म्हणाला, तेव्हा घ्यायची गरजच राहणार नाही. मग हळू आवाजात म्हणाला, अक्षर मात्र पहिल्या अर्जाइतकं चांगलं आलेलं नाही.

एक आशा उरली होती. झाड तोडायला उद्यान खात्याची परवानगी लागते आणि ती मिळायला सहा महिने लागतात, हे सगळ्या शहराला माहीत आहे. मी तिथे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी ऑफिसच्या दिरंगाईसाठी मनातल्या मनात हात जोडून गेलो. तिथल्या बाईंनी पाटीचा नंबर विचारला, मोठं रजिस्टर काढलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. "हे 'इतर'मध्ये आहे," त्या म्हणाल्या. "यादीतल्या झाडांना परवानगी लागते. 'इतर'ला लागत नाही. ही तुमचीच सही ना?" माझीच होती. वडिलांच्या नावासकट.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. झाडाचं सांगितलं, मग जोडाचंही. तीस वर्षं लपवलेलं सांगताना मी खाली बघत होतो. ती म्हणाली, "मला माहीत आहे की. तुमचा साथीदार तेव्हाच सांगून गेला होता, हा शिसं टाकून पळत आला म्हणून." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "सगळ्या संसारात एकदाच काम अर्धं टाकून आलात माझ्यासाठी. ते काय तक्रार करायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राची करवत आली. धाकटी म्हणाली, बाबा, आईला मागच्या खोलीत नेऊ या. बायको हलली नाही. अर्ध्या तासात काम झालं. फांद्या पडल्या त्या सगळ्या एका बाजूला, विंचरल्यासारख्या, आणि त्यांच्यामागून कॅशियरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग परत दिसायला लागला. तीन वर्षांत तो मोठा झाला होता. नवा पाइप बसला, जोडाला रबराची कडी, ओतायची भानगडच नाही. दुपारी शिंपीणबाईंच्या नळाला भरपूर पाणी आलं. त्या पदराला हात पुसत दारापर्यंत आल्या, पलंगाकडे बघितलं आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी येऊन बायकोजवळ शिवण घेऊन बसायला लागल्या. चोरीबद्दल त्यांनी माझी क्षमा मागितली नाही आणि बादल्यांबद्दल मी त्यांची. आमचा हिशेब तसाच राहिला.

ढिगातली एक फांदी, हातभर लांब, मी बादलीत पाणी घालून खिडकीत ठेवली होती. काही विचार करून नाही. हातात आली म्हणून. दहाबारा दिवसांनी तिला पानं फुटली. पाण्यात बघितलं तर खाली पांढरी मुळंही सुटलेली, दोऱ्यासारखी. मी बादली उचलून पलंगाजवळ आणली. बायकोने पानं मोजली, अकरा होती. एक पान बोटाने उलटं करून बघितलं. बोलायला तिला तेव्हा दम पुरत नव्हता, मध्ये थांबून थांबून बोलायची. ती म्हणाली, "हे बघा. आता याच्याबद्दल कुठे अर्ज करू नका."

नऊ एप्रिलला, गुरुवारी, सकाळी सव्वासहा वाजता माझी बायको वारली. ती नळाला पाणी येण्याची वेळ होती. पाणी चांगल्या दाबाने आलं. टाकी भरली आणि वाहायला लागली, आणि नळ बंद करायला घरातलं कोणी उठलं नाही.